तुऱ्याची टिटवी

माझ्या वडिलांना जर्मन येतं, ही आमच्या घराण्यातली सर्वांत यशस्वी थाप. या एका थापेवर आम्हा तिघांचं बिऱ्हाड पुण्याहून उचललं गेलं, विमानात बसलं आणि कॅनडातल्या किचनर गावी एका दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर येऊन टेकलं. या गावाचं नाव पूर्वी बर्लिन होतं. पहिल्या महायुद्धात जर्मनीशी लढताना आपल्याच गावाला बर्लिन म्हणायचं कसं, अशी लाज वाटून लोकांनी ते बदललं. पाटी बदलली, माणसं कशी बदलणार? बाबांना ज्या यंत्रांच्या कारखान्यात नोकरी मिळाली, तिथले अर्धे फोरमन अजून एकमेकांना जर्मनमधूनच शिव्या देत. मुलाखतीत साहेबाने विचारलं होतं, "जर्मन येतं का?" बाबा म्हणाले, "माझ्याइतकं आमच्या गल्लीत कुणालाच येत नाही." हे शंभर टक्के खरं होतं. गल्लीत बाकी कुणाला एक अक्षर येत नव्हतं.

बाबा पुण्यात जर्मनच्या संध्याकाळच्या वर्गाला नऊ दिवस गेले होते. दहाव्या दिवशी मास्तर आजारी पडले की बाबा, याबद्दल घरात दोन मतं आहेत. त्या नऊ दिवसांची कमाई म्हणजे एक वाक्य: 'माइनं टांटं इस्ट इम गार्टन.' अर्थ असा की माझी मावशी बागेत आहे. ती मावशी आहे की आत्या की काकू, हे जर्मन माणूस सांगत नाही, त्याला सगळ्या सारख्याच. पण बाबांनी त्या एका वाक्यावर जी हुकमत मिळवली, ती गवयाला एका रागावर चाळीस वर्षांत मिळत नाही. यंत्र बंद पडलं की ते त्याच्याकडे बघत, मान हलवत आणि खोल, दुःखी आवाजात म्हणत, "माइनं टांटं इस्ट इम गार्टन." कुणी बढती मिळाल्याचं सांगितलं की तेच वाक्य आनंदाने. कुणी वाद घातला तर तेच, भुवई उंचावून. फोरमन पोट धरून हसत. त्यांना वाटे, हा इंडियन फार विनोदी आहे, जर्मन येत असून मुद्दाम पहिलीच्या पुस्तकातलं बोलतो. अशी सहा वर्षं गेली. एका मावशीने आमचं भाडं, माझी शाळा आणि तिघांचे विंटर कोट निभावून नेले.

आई मात्र खरं बोलणारी. ती वर्धा नदीकाठच्या खेड्यातली, वऱ्हाडी बोलायची आणि पुण्याच्या माणसाशी लग्न केल्याचा पश्चात्ताप दर जेवणाला एकदा बोलून दाखवायची. बाबांची एखादी हकिगत रंगात आली, बर्फ सहा इंचांचा सहा फूट झाला, की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "झाला का तुरा लावून? मग आता जेवाले या." तुरा हा तिचा शब्द. हकिगत म्हणजे पाखरू, ते जसं आहे तसं सोडावं. यांना त्याच्या डोक्यावर तुरा लावल्याशिवाय करमत नाही, असं तिचं म्हणणं. तो शब्द आमच्या घरात इतका मुरला की खोटं बोलणं हा गुन्हा आणि तुरा लावणं हा नुसता खोडसाळपणा, असे दोन स्वतंत्र कायदे झाले. मी बाबांवर गेले. तेव्हा वाचकहो, पुढच्या मजकुरात तुरे असणार, हे आधीच सांगते. फक्त एक तुरा खरा आहे. तो कुठला, हे तुम्हाला आपोआप कळेल.

आमच्या इमारतीला लागून खडी टाकलेलं भलंमोठं पार्किंग होतं. पहिल्याच वसंतात, बर्फ वितळून खडी उघडी पडली तशी, एका सकाळी बाहेरून आवाज आला, चिरका, घाईचा, रागावलेला. आईच्या हातातली कढई सिंकमध्ये पडली. "बाप्पा! टिटवी! इथंबी येऊन राह्यली माह्या मागं!" तिच्या गावात टिटवी ओरडली की अपशकुन, कुणी ना कुणी जाणार. बाबा म्हणाले, "अगं, तिला इथले लोक किलडिअर म्हणतात. हरणं मारते ती. माणसांशी तिचं वैर नाही." आईने खिडकी लावून घेतली. पण शत्रूवर नजर ठेवावी तशी ती रोज काचेआडून तिला बघायची. खडीत अंडी घातली, कुणी जवळ गेलं की पंख मोडल्यासारखा लोळवत लांब पळते, मग टुणकन उडून जाते. सगळं आईने टिपलं. "भलकशी नाटकी हाय. तुमच्याच खानदानातली," असं बाबांना ऐकवलंही. आणि दागिन्यांवर बाईची नजर जाणारच: "आमच्याकडच्या टिटवीच्या डोळ्यापाशी लाल असते. इथलीच्या गळ्यात दोन पदरी काळी पोत हाय. डोकं मात्र साफ. चापूनचोपून तेल लावल्यावानी." सहा वसंत ती हे बघत होती. या माहितीचा कधी काही उपयोग होईल, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

रस्त्यापलीकडे लाल विटांच्या घरात ओटो ब्रुकमन राहायचे. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन लंडनला. इंग्लंडचं लंडन नव्हे. तासा-दीड तासावर आमचं ऑन्टारिओतलं लंडन. इथल्या लोकांनी युरोपातली सगळी गावं आणून जवळजवळ ठेवली आहेत, प्रवास वाचावा म्हणून. मी त्यांना ओटोकाका म्हणायची, ते मला सुमनऐवजी स्यू. साठी उलटलेला, दरवाज्याएवढा माणूस, हातांचे पंजे फावड्यासारखे. पूर्ण ड्राइव्हवे ते बर्फाचं फावडं न घेता साफ करत, असं मी शाळेत सांगितलं होतं. दर शरदात ते स्वतः आंबवलेल्या कोबीची बरणी आणून देत. आईने पहिल्यांदा वास घेतला आणि बरणी दाराबाहेर ठेवली. दुसऱ्या दिवशी तिने त्या कोबीला मोहरी, हिंग आणि सुक्या मिरच्यांची खमंग फोडणी दिली आणि एक वाडगा त्यांच्याकडे परत पाठवला. ओटोकाका तो वाडगा हातात घेऊन पोर्चवर बसले, खात होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "माझ्या आजीनंतर कोबीने मला रडवलं नव्हतं," असं ते म्हणाले. त्या दिवसापासून बरणी येत राहिली आणि वाडगा जात राहिला. आईला इंग्लिश येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं. म्हणून दोघांचं फार उत्तम जमायचं.

त्यांच्या मागच्या शेडमध्ये पोत्यांखाली एक मोटार होती. पोती काढली तेव्हा मला वाटलं, घोडागाडीनं मोठं होऊन इंजिनियर व्हायचं ठरवलंय. लाकडी आऱ्यांची चाकं, चामड्याची बैठक, सुकाणूच्या दांड्याशी रबरी फुग्याचा पितळी भोंगा आणि पुढच्या तोंडावर काळी पडलेली पितळी पाटी. पाटीवर एका पाखराचा काळपट आकार आणि अक्षरं: कीबिट्झ वेर्के, म्हणजे कीबिट्झ कारखाना, बर्लिन. ही गाडी जर्मनीतली, खऱ्या बर्लिनची, असं ओटोकाका सांगत. कारखाना आधी शिलाई यंत्रं करायचा, मग सायकली करू लागला आणि मग मालकाच्या डोक्यात वारं शिरलं, मोटारी करू! त्या काळात जर्मनीत ज्याच्या घरी पाना होता तो मोटार कारखाना काढत होता. ओटोकाकांचे वडील हाइनरिख तिथे फोरमन. जेमतेम तीन उन्हाळे कारखाना चालला. पहिली गाडी शिलाई यंत्रासारखी पायाने सुरू व्हायची. दुसरीला ब्रेक उलट जातानाच लागायचे, म्हणून चालक सावधगिरी म्हणून सगळीकडे उलटेच जात. तिसऱ्या नमुन्यापर्यंत गाडी इतकी उत्तम झाली, की तिची बैठक शिवायला कारखान्याची जुनी शिलाई यंत्रं कमी पडू लागली. एकूण गाड्या किती झाल्या? ओटोकाका म्हणत तेवीस. त्यांची बायको, जिवंत असताना, म्हणायची अडीच. मग मालकाने एका मोठ्या सरदाराला गाडी दाखवायला नेली. सरदार बसला, गाडी सुटली आणि तळ्यात गेली. सरदार वाचला, कारखाना बुडाला. शेवटची तयार गाडी हाइनरिखनी सुटी केली, 'शिलाई यंत्राचे भाग' असं लिहून खोक्यांत भरली आणि जहाजावर चढवली. जहाजाच्या ऑफिसात विचारलं, कुठे जायचंय? कॅनडाच्या नकाशात त्यांना बर्लिन हे एकच नाव ओळखीचं दिसलं. अशा रीतीने ते बर्लिनहून बर्लिनला आले.

त्यानंतरचं ओटोकाका हळू आवाजात सांगत. युद्ध आलं, गावाचं नाव गेलं. हाइनरिखनी गाडीवर पोती टाकली आणि घरात जर्मन बोलणं थांबवलं. एका दिवसात. ओटोकाका त्याच सुमाराला जन्मलेले; त्यांच्या वाट्याला जर्मन आलं ते फक्त जेवणाच्या आणि ओरडा खाण्याच्या शब्दांपुरतं. शांतता झाल्यावर हाइनरिख लोकांना सांगू लागले, माझ्याकडे जर्मनीतली कीबिट्झ आहे. लोक म्हणाले, अशा नावाची कंपनीच नव्हती, याने शेडमध्ये घोडागाडीला इंजिन लावलंय आणि पाटीवर गावाचं जुनं नाव घातलंय. गावभर त्यांचं नाव पडलं थापाड्या. ते तसेच गेले.

तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि मला यातलं मोटारीचं तेवढं कळलं. आता माझा मुलगा ऑन्टारिओतल्याच कनाटा गावी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याची मुलगी रिया माझ्याशी इंग्लिशमध्ये बोलते आणि मराठीत तिला येतं 'वरण', 'पुरे' आणि 'मार खाशील'. आता मला ओटोकाकांचं बाकीचंही कळतं.

त्या वर्षी उन्हाळ्यात त्यांच्या घरासमोर विक्रीची पाटी लागली. गुडघे गेले होते, मुलीने लंडनला बोलावलं होतं, हिवाळ्याच्या आत जायचं होतं. आमच्या गावात ऑक्टोबरात जर्मन जत्रा भरते आणि थँक्सगिव्हिंगच्या सोमवारी मोठी मिरवणूक निघते, तिच्यात जुन्या मोटारींचा ताफा असतो. ओटोकाकांची एकच इच्छा होती: जाण्यापूर्वी एकदा कीबिट्झ त्या मिरवणुकीत, खऱ्या नावाने चालावी. जुन्या मोटारींच्या मंडळाचे अध्यक्ष होते मिस्टर डॉबसन, ओठांपेक्षा मिशी जास्त असलेले गृहस्थ. ते म्हणाले, "गाडी आणा की! पाटी लावू, 'इथल्याच एका हौशी माणसाने जुन्या बर्लिनमध्ये बनवलेली गाडी'." ओटोकाका म्हणाले, "माझ्या बापाला सगळ्या गावासमोर पुन्हा थापाड्या म्हणून मिरवू? त्यापेक्षा मी ती भंगारात देईन." डॉबसननी एक फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता: नावाचा अर्थ आणि उगम.

तो फॉर्म घेऊन ओटोकाका आमच्याकडे आले. आईने पिठलं-भाकरी वाढली. "तुला जर्मन येतं," ते बाबांना म्हणाले. "कीबिट्झ म्हणजे काय? बाप कधी बोलला नाही, आणि आता गावातल्या जर्मनांना विचारायला मला लाज वाटते." आईने भाकरी तव्यावरच ठेवून वळून पाहिलं. मला येत नाही, एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण बाबा पुण्याचे. त्यांनी डोळे मिटले, बोटं कपाळाला लावली आणि म्हणाले, "जर्मन ही संस्कृतची बहीण. हे तिकडचे मोठमोठे पंडितच सांगतात. तेव्हा बघ हं. कीबिट्झ. किं-बीज! किम् म्हणजे काय, बीज म्हणजे मूळ. 'सगळ्याचं मूळ काय?' ही गाडी नाही ओटो, हा प्रश्न आहे!" ओटोकाकांनी तो अर्थ ठळक अक्षरांत फॉर्मवर लिहून घेतला. "माझा बाप असा विचार करत असणार," ते म्हणाले. ते गेल्यावर आई एवढंच म्हणाली, "हा तुरा नव्हे. हे खोटं झालं." त्या दिवशी बाबा ताक न पिता उठले, जे आमच्याकडे कुणी वारल्यावरच होतं.

मंडळाची सभा चर्चच्या बेसमेंटमध्ये झाली. ओटोकाका कोट घालून, बाबांना साक्षीला घेऊन गेले; मी गेले कारण मला कुणी नको म्हणालं नाही. डॉबसननी फॉर्म मोठ्याने वाचला. सगळ्याचं मूळ काय. मागच्या रांगेतून एक म्हातारी हसली. मिसेस क्लाइन, युद्धानंतर जर्मनीहून आलेल्या, जत्रेत केक विकणाऱ्या. "कीबिट्झ म्हणजे पक्षी हो! शेतातला. आणि पत्ते खेळताना मागे उभं राहून फुकट सल्ले देतो ना, त्यालाही कीबिट्झच म्हणतात." बारा-पंधरा माणसं हसली. मिसेस क्लाइननी मग बाबांना जर्मनमध्ये काहीतरी विचारलं, सरळ, साधं, प्रेमाने. बाबा उभे राहिले. सहा वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य कुठल्याच सुरात बसेना. तरी ते म्हणाले, "माइनं टांटं... इस्ट इम गार्टन." आता कुणी हसलं नाही. ओटोकाकांनी बाबांकडे पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. डॉबसननी कपाटातून पक्ष्यांचं पुस्तक काढलं. "तुम्ही म्हणता तो पक्षी म्हणजे आपल्या किलडिअरचा भाऊबंद. तुमच्या पाटीवरचं पाखरू किलडिअरच असणार, प्रत्येक पार्किंगमध्ये असतो. इथल्या माणसाने इथला पक्षी काढला! मिस्टर ब्रुकमन, ते पाखरू इथलं नाही एवढं दाखवा, मी सगळ्यांसमोर सांगतो, फॉर्मवर माझ्या हाताने 'जर्मनी' लिहीन." ओटोकाका टोपी घेऊन निघाले, आमच्यासाठी थांबले नाहीत.

दोन आठवडे बरणी आली नाही. आईने वाडगा पाठवला तो दारातच राहिला, खारींनी मिरचीसकट खाल्ला आणि त्या वर्षी आमच्या रस्त्यावरच्या खारी फार तिखट वागल्या. बाबा कारखान्यात गप्प झाले. फोरमन विचारत, मावशी बरी आहे ना? शेवटी एका संध्याकाळी ते रस्ता ओलांडून गेले, पोर्चवर उभे राहिले आणि म्हणाले, "ओटो, माझी मावशी कधीच बागेत नव्हती. मला मावशीच नाही. मला जर्मन येत नाही." ओटोकाका जाळीच्या दाराशी आले. मग म्हणाले, "मलाही येत नाही. निदान तू नऊ दिवस तरी गेलास." आणि जाळीचं दार उघडून आत घेतलं. पण फॉर्म ते पुन्हा भरणार नव्हते. भंगारवाल्याला मंगळवारी, मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी, बोलावलं होतं.

बाबांनी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. पक्ष्याचं आतापर्यंत तिला कुणी सांगितलंच नव्हतं. किलडिअरसारखा, असं ऐकलं आणि ती ताडकन उठली. "म्हणजे टिटवी? त्या माणसानं घरात टिटवी पाळून ठेवली एवढी वर्षं? मंग कसं चांगलं होईन त्याचं!" बाबा म्हणाले, आता गाडी भंगारातच चाललीय. आई थबकली. त्या वर्षी खंडेनवमी शनिवारी होती, मिरवणुकीच्या दोन दिवस आधी. दर खंडेनवमीला ती घरातली सगळी हत्यारं धुऊन पुजायची, सुरी, कात्री, बाबांचा पाना, बर्फाचं फावडं, आणि पार्किंगमधली आमची गाडी. "टिटवी असो का गरुड असो," ती म्हणाली, "खंडेनवमीले वाहन पारोसं राहत नाही. भंगारात जाईन तर आंघोळ करून जाईन."

शनिवारी सकाळी काठापदराच्या साडीवर विंटर जॅकेट घालून आई शेडमध्ये शिरली. एका हातात बादली, एका हातात कुंकवाचा करंडा. माझ्याकडे झेंडू, तेही ओटोकाकांच्याच वाफ्यातले, आणि नारळ मिळाला नाही म्हणून फोडायला एक भोपळा. पितळ चिंचेने घासायचं, पण घरातली चिंच संपली होती. तिने इकडेतिकडे पाहिलं. शेडच्या फळीवर आंबवलेल्या कोबीची पिंपं होती. ओटोकाका "नो, नो!" करेपर्यंत तिने वाडगाभर आंबट पाणी काढलं, त्यात मीठ घातलं आणि पाटी घासायला लागली. साठ वर्षांची काजळी होती. हाइनरिखनी पोती टाकल्यावर तिला कुणी हात लावला नव्हता. ओटोकाकांना वाटायचं, बापाच्या हातची धूळ आहे, राहू दे. काळं पाणी ओघळलं. आधी अक्षरं उजळली, मग पाय, मग पोट. आई पुटपुटत होती, "अपशकुनी मेली, पण पितळ चांगलं हाय." आणि एकाएकी तिचा हात थांबला.

"सुमे, इकडं ये. हे काय व?"

पाखराच्या डोक्यावरून मागे एक बारीक, लांब, वर वळलेली रेघ गेली होती. तुरा.

"हे इथलं नाई," आई म्हणाली. "इथलीचं डोकं साफ असते. सहा वर्षं पाहून राह्यली मी तिला. अन् हिच्या गळ्यात एकच पदर हाय. ही टिटवी कॅनडाची नव्हे, सांग त्याले!" मी सांगितलं. ओटोकाका खाली बसले, त्यांनी आपला फावड्यासारखा अंगठा त्या रेघेवरून फिरवला, एकदा, दोनदा. मी मात्र धावले. मिरवणुकीची तयारी चर्चमध्येच चालली होती; तिथपर्यंतचं अंतर मी किती वेळात कापलं ते सांगत नाही, तुम्ही म्हणाल तुरा.

डॉबसन पुस्तक घेऊन आले आणि मिसेस क्लाइन केकचं पीठ लागलेल्या हातांनी आल्या. डॉबसन ओल्या जमिनीवर गुडघे टेकून बसले, पुस्तकाकडे बघत, पाटीकडे बघत. पुस्तकातल्या किलडिअरला दोन पट्टे, डोकं गुळगुळीत. मिसेस क्लाइननी नुसतं वाकून पाहिलं. "अगदी हाच," त्या म्हणाल्या. "आमच्या कुरणात असायचा. आई म्हणायची, टोपीत पीस खोचून फिरतो." डॉबसननी मिशी चावली. शब्द दिलेला, तोही पंधरा माणसांसमोर. खिशातून पेन काढलं आणि फॉर्म कीबिट्झच्या चाकावर धरून लिहिलं, 'जर्मनी'. कुणी हुशार वाचक म्हणेल, की अहो, जर्मन माणसाने इथे बसून आठवणीतला पक्षी काढला असेल, तर? बाबांनाही हे सुचलं होतं. ते त्यांनी मला तिथेच, मराठीत, कानात सांगितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आयुष्यात प्रथमच बाबा गप्प बसून जिंकले.

सोमवारी कीबिट्झ निघाली; पाटी सोडून बाकी गाडी ओटोकाकांनी वर्षानुवर्षं तेलपाणी करून जिवंत ठेवली होती. ओटोकाका सुकाणूवर, मी शेजारी भोंग्यावर, बाबा मागून हातात लाकडी ठोकळा घेऊन चालत, कारण ब्रेकवर कुणाचाच विश्वास नव्हता. आणि मागच्या बैठकीवर आई. तिला बसायचं नव्हतं, ओटोकाकांनी हात धरून बसवलं. पाटीवर हळदकुंकू, चाकाखाली चिरडलेली चार लिंबं, शेडच्या दारात फुटलेला भोपळा. बँड, बिअरची पिंपं, चामडी चड्ड्यांतले लठ्ठ लोक, आणि त्यांच्यामध्ये आमची टिटवी टुकटुक करत चालली. गाडीला बांधलेल्या फलकावर मोठ्या अक्षरांत: 'कीबिट्झ, बर्लिन, जर्मनी. फोरमन हाइनरिख ब्रुकमन'. म्हातारे लोक टोप्या काढत होते. त्यांतल्या काहींच्या बापांनी हाइनरिखना थापाड्या म्हटलं असणार. नेमकी डॉबसनांच्या मंचासमोर गाडी खोकली आणि बंद पडली. ओटोकाकांचे कान लाल झाले. मी भोंग्याकडे हात नेला, तोच मागून एक हात आला, बांगड्यांचा. आईने मला बाजूला सारलं, रबरी फुगा मुठीत धरला आणि दाबला. टीटी-टिटिव! टीटी-टिटिव! आमच्या पार्किंगमधलाच आवाज, चिरका, रागावलेला. आई पुन्हा दाबत होती, पुन्हा, सगळ्या गावावर, हसत. गाडीने एक उसळी मारली आणि चालू लागली. मंगळवारी भंगारवाला आला तेव्हा त्याला ओटोकाकांनी कोबीची बरणी देऊन परत पाठवलं.

कीबिट्झ ओटोकाकांबरोबर लंडनला गेली आणि त्यांच्यानंतर तिथल्या एका छोट्या संग्रहालयात. तिथल्या माणसांनी इंजिन उघडलं, तेव्हा आतल्या प्रत्येक ओतीव भागावर, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी, तेच पाखरू निघालं. तुऱ्यासकट. घरच्या शेडमध्ये कुणी लोखंड ओतत नाही. हाइनरिख खरं बोलत होते. हे कळवणारं पत्र बाबांनी त्यांच्या शेवटच्या आजारपणात मला तीनदा वाचायला लावलं, आणि आईने पहिल्यांदाच त्यांना जेवायला हाक मारली नाही, वाचन पुरं होऊ दिलं.

मागच्या महिन्यात मी रियाला घेऊन गाडी बघायला गेले. पाटी लखलखत होती. शेजारी माहितीचा फलक होता. मजकूर ओटोकाकांनी जाण्यापूर्वीच स्वतः लिहून ठेवलाय, असं खाली छापलं होतं. रियाने तो मोठ्याने वाचला. कारखाना, तळं, सरदार, जहाज, दोन बर्लिनं. मग शेवटची ओळ: 'कीबिट्झ म्हणजे तुरा असलेली टिटवी. माझा मित्र, जर्मन भाषेचा पंडित, याच्या मते संस्कृतमध्ये: सगळ्याचं मूळ काय?'

मी फलकाला हात टेकून उभी राहिले. रियाने वळून माझ्याकडे बघितलं, तिच्या पणजीच्याच नजरेने.

"आजी, इज दॅट फॉर रिअल?"

"त्या पाखराचा तुरा खरा आहे," मी म्हटलं.

"अँड द रेस्ट?"

मी डोळे पुसले, मान हलवली आणि बाबांच्या खोल आवाजात म्हणाले, "माइनं टांटं इस्ट इम गार्टन."